नियम सत्तेचाळीस (क), उदाहरणासह

मुलीला दहा दिवस शाळेबाहेर ठेवल्याची चिठ्ठी मसुदेसाहेबांनी तीनदा वाचली. पहिल्यांदा बाप म्हणून, दुसऱ्यांदा नागरिक म्हणून आणि तिसऱ्यांदा पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं नोटिशींचे मसुदे लिहिणारा माणूस म्हणून. तिसऱ्या वाचनात त्यांना चुकीच्या जागी पडलेले दोन स्वल्पविराम सापडले आणि तेवढ्यापुरतं जरा बरं वाटलं. बाकी तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच.

मसुदेसाहेब हे नाव त्यांना खात्यात पडलं होतं. उद्या पाणी येणार नाही एवढंच सांगायचं असलं तरी ते दीड पानात, तीन कलमांत आणि मध्ये एक ‘तथापि’ घालून सांगायचं ही त्यांची हातोटी. त्यांच्या नोटिशीत पळवाट सापडली असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं, कारण शेवटपर्यंत ती कोणी वाचलेलीच नव्हती. नाव खात्यातून निघालं आणि त्यांच्या मागोमाग बिल्डिंगीत येऊन राहिलं. बारकी ही त्यांची एकुलती एक. नववीत गेली, आईपेक्षा दोन बोटं उंच झाली, तरी पाळण्यात चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

गुन्हा म्हणाल, तर पाट्या. शाळेच्या तळमजल्यावर दोन दारं शेजारी शेजारी. एकावर पाटी ‘मुख्याध्यापिका’, दुसऱ्यावर ‘अडगळीची खोली’. बारकीने शाळा भरायच्या आधी दोन्ही पाट्या काढल्या आणि इकडची तिकडे लावली. बस्स. नेमके त्याच सकाळी शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. पाटी वाचून दार उघडलं, आत मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे आणि एक हात नसलेला हाडांचा सांगाडा. साहेबांनी एक धड खुर्ची शोधली आणि मुख्याध्यापिकेची वाट बघत पंचवीस मिनिटं बसून राहिले. तिकडे सुतारानेही पाटी वाचूनच दुरुस्तीला नेलेले दोन बाक मोठ्या बाईंच्या टेबलासमोर आणून उभे केले. प्रार्थना आटपून मोठ्या बाई आपल्या खोलीत शिरल्या तर त्यांना खुर्चीपर्यंत पोचता येईना. शाळेत मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाईच म्हणत, आणि बाकांवरून चढून जाणं हे मोठ्या बाईंना शोभणारं नव्हतं.

नुकसान काय झालं? मसुदेसाहेब बोटांवर मोजत विचारत होते. बाक फुटला? नाही. स्क्रू हरवला? नाही. बादली न्यायला आलेल्या झाडूवालीला अधिकारी सापडले तेव्हा ते गाढ झोपलेले होते, आणि जाताना शेरेबुकात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की शाळेत इतका वेळ शांतपणे बसू दिलं असा अनुभव नोकरीत प्रथमच आला. म्हणजे ज्याची फसगत झाली तो खूश, आणि शिक्षा मात्र दहा दिवस! पाच दिवस नियम सत्तेचाळीस (क) खाली, पाट्यांसाठी. आणि ही कल्पना कोणी दिली ते नाव बारकीने सांगितलं नाही म्हणून नियम बावन्नखाली शिक्षा दुप्पट. त्यात आठव्या दिवशी विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा. ती बुडाली की विज्ञान बुडालं, आणि विज्ञान बुडालं की वर्ष बुडालं. पाच दिवसांवर भागलं असतं तर पोरगी परीक्षेला बसली असती. एका नावाने वर्ष अडवून ठेवलं होतं.

मसुदेसाहेब खोलीत येरझाऱ्या घालत होते. कॉपी करणाऱ्याला तीन दिवस, दुसऱ्याचा दात पाडणाऱ्याला चार, आणि पाटी हलवणाऱ्याला पाच? म्हणजे दात पाडला असता तर एक दिवस वाचला असता! ही काय शाळा आहे की तुरुंग? पोरांनी हसायचंच नाही का? आणि असले नियम लिहिणारा माणूस कधी स्वतः पोर होता की थेट चष्मा लावूनच जन्माला आला?

“तुम्ही लिहिलेत,” बारकीची आई म्हणाली.

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. निकाल सांगताना त्याला विशेषणं लावायची नाहीत ही तिथली शिस्त, ती तिने घरीही आणली होती. मसुदेसाहेब जागच्या जागी थबकले. खरंच की. तीन वर्षांपूर्वी पालक समितीने शाळेला एक नियमावली हवी म्हटल्यावर हात वर करणारे एकमेव पालक तेच होते. अकरा दिवस रजा टाकून त्यांनी शहाऐंशी नियम लिहिले होते, आणि प्रत्येक नियमाला एक उदाहरण. उदाहरणाशिवाय नियम म्हणजे कडीशिवाय दार, असं त्यांचं मत. छापील पुस्तिका हातात पडली त्या दिवशी त्यांनी घरी आइस्क्रीम आणलं होतं.

आता शहाऐंशी नियम लिहिणाऱ्याला शहाऐंशी नियम पाठ असतात असं थोडंच आहे? सत्तेचाळीस (क) मध्ये नेमकं काय म्हटलंय ते बघायला त्यांनी कपाट उघडलं, तर पुस्तिका जागेवर नाही. विजेची बिलं होती, वॉरंटी संपलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड होतं, पुस्तिका तेवढी गायब. मग त्यांनी आपला पवित्रा जरा बदलला. नियम उत्तमच आहे, त्याची अंमलबजावणी चुकली. आणि खरा गुन्हेगार तिसराच आहे.

“पोरगी साधी आहे,” रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं. “तिच्या डोक्यात हे कोणीतरी भरवलंय. आणि तो भित्रा आता मजेत घरी बसलाय, माझ्या पोरीचं वर्ष बुडताना बघतोय. असल्या माणसाला आधी शाळेसमोर उभं केलं पाहिजे. नाव सांग त्याचं.”

“नाही सांगणार,” बारकी म्हणाली आणि तिने आमटी वाढून घेतली.

त्यांनी समजावलं, रागावले, मोबाइल काढून घेतला, लाच म्हणून परत दिला. पोरगी ढिम्म. एवढा हट्ट हिच्यात आला कुठून, असं त्यांनी बायकोला विचारलं. बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

बिल्डिंगीत बातमी पोचायला लिफ्ट लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले आणि प्रकरण थेट सगळ्यांत वर पाठवा, तेही पोच घेऊन, असा सल्ला देऊन गेले. सगळ्यांत वर म्हणजे कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, पण पाकिटाचा आकार सांगितला. शेजारच्या काकूंचं म्हणणं पडलं की पोरीला ताप होता आणि तापाच्या भरात तिने पाट्या काढल्या असं लिहून द्या. तापात माणूस स्क्रू कसे काढेल, असं मसुदेसाहेबांनी विचारल्यावर काकू दुखावल्या आणि तुमचं तुम्ही बघा म्हणाल्या. वास्तविक त्या आठवड्यात इतरांना दुखवायचा अधिकार फक्त मसुदेसाहेबांना होता, त्यांना दुखवायचा कोणालाच नव्हता. पण हे लोकांना कळतं कुठे.

संशय जाऊन थांबला तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांच्या मुलीवर. ती बारकीच्याच वर्गात, दोघी एकाच बाकावर, आणि ती पोरगी हसायची फार. मसुदेसाहेब सकाळी साडेनऊला तावातावाने दवाखान्यात शिरले. स्पष्टच बोलायचं ठरवून आले होते. पण डॉक्टरांनी सवयीने त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे झुकवली, डोळ्यांवर दिवा आणला आणि ‘आ’ करा म्हणाले. माणूस कितीही चिडलेला असो, त्या खुर्चीत आडवा झाला आणि समोरून ‘आ’ करा आलं की तो ‘आ’ करतोच. मसुदेसाहेब आरोप करू लागले, पण उघड्या तोंडाने आरोप नीट होत नाही. डॉक्टरांना फक्त डाव्या बाजूची कीड दिसली. पाऊण तासाने साहेब बाहेर आले ते दाढेत सिमेंट भरून आणि अर्धा चेहरा बधिर घेऊन. डॉक्टरांची मुलगी दारात भेटली आणि नमस्ते काका म्हणाली. गुन्हेगार इतक्या मोकळेपणाने नमस्ते म्हणत नाही, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

तशाच चेहऱ्याने ते शाळेच्या खिडकीवर गेले. खिडकी अकरा ते साडेअकरा एवढीच उघडी असे. खिडकीतल्या कारकूनबाईंना त्यांनी अर्ध्या ओठाने समजावलं की शिक्षेविरुद्ध दाद मागायची आहे. बाई म्हणाल्या, जरूर मागा, त्यासाठी नमुना ‘ड’ भरून द्या. तर द्या नमुना ‘ड’. नमुना अडगळीच्या खोलीत आहे. मग काढा. खोली बंद आहे, कारण नियम अठ्ठावन्न: चौकशी संपेपर्यंत घटनेची जागा जशीच्या तशी ठेवावी. चौकशी कधी संपेल? तुमच्या अर्जावर निकाल लागला की. आणि अर्ज कशावर द्यायचा? नमुना ‘ड’वर.

मसुदेसाहेबांनी खिडकीच्या गजांना धरलं. नमुना हाताने काढून आणला तर? बाईंनी पुढ्यातल्या पाटीकडे बोट केलं. ‘हस्तलिखित नमुने स्वीकारले जाणार नाहीत.’ पाटीच्या भाषेतली ती ठाम वळणं त्यांना फार ओळखीची वाटली. खुद्द आपल्यालाही एकही पळवाट सापडू नये, असं आपण किती पक्कं लिहून ठेवलंय, याचा अभिमान आणि संताप त्यांना एकदमच झाला. एवढ्यात साडेअकरा वाजले आणि खिडकी बंद झाली.

घटनेची जागा जशीच्या तशी ठेवायची, तर पाट्याही जशाच्या तशाच होत्या. म्हणजे मोठ्या बाई चार दिवस ‘अडगळीची खोली’ अशी पाटी असलेल्या दाराआड बसून शाळा चालवत होत्या. येणारे पालक त्या दारावरून पुढे जात आणि शेजारच्या दाराचं कुलूप हलवून बघत. मोठ्या बाईंनाही हा नियम बदलायचा नव्हता असं नाही, पण चौकशीच्या काळात नियम बदलता येत नाहीत असाही एक नियम होता. एकोणसाठावा.

वाट काढली ती बारकीच्या आईने, कामावरून येता येता. पुस्तिका आणि नमुने जिथे छापले होते त्या शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारा, एवढंच ती म्हणाली. साहेब धावले. दुकानदाराकडे नमुना ‘ड’ होता, तो त्याने काढून दिला. पुस्तिकेची प्रत मात्र त्याच्याकडे उरली नव्हती. “तुम्ही लिहिलीत ती? फार खपते हो,” दुकानदार कौतुकाने म्हणाला. “पोरं पैसे काढून नेतात तिच्या झेरॉक्स. परवाच एक घोळका येऊन गेला, एकेक पान वाचून नुसता खिदळत होता.”

मसुदेसाहेबांची कॉलर ताठ झाली. सव्वीस वर्षांत त्यांचं लिखाण कोणी पदरचे पैसे घालून नेलं नव्हतं. आजकालची पोरं वाचत नाहीत म्हणणाऱ्यांनी इकडे यावं! खिदळत होती हे त्यांनी ऐकलं, पण आनंदाच्या भरात ते मनावर घेतलं नाही.

सहाव्या दिवशी सुनावणी झाली. टेबलापलीकडे मोठ्या बाई, शेजारी विज्ञानाचे सर आणि कोपऱ्यात लिहून घ्यायला कारकूनबाई. अलीकडे बारकी, तिची आई आणि दोन रात्री जागून भाषण तयार केलेले मसुदेसाहेब. ते उठले. बोलले मात्र खरं. वय काय या पोरीचं, खोडी काय आणि शिक्षा काय, याचा काही ताळमेळ? ज्या शाळेत पोरांना खोडी काढायची भीती वाटते तिथे ती प्रश्न विचारायलाही भिणार. आणि आठ महिने अभ्यास केलेल्या पोरीचं वर्ष तुम्ही दोन पाट्यांवर घालवणार? विज्ञानाच्या सरांनी चष्मा काढून पुसला. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या की यातलं बरंचसं त्यांनाही पटतं. पाच दिवस कालच झाले, नाव कळलं तर ती उद्यापासून वर्गात बसेल. नियमाबाहेर त्यांना जाता येत नाही. नियमच तसा पक्का आहे.

“पक्का आहे? द्या इकडे, कसा पक्का आहे तो बघू,” मसुदेसाहेब कडाडले. मोठ्या बाईंनी आपली प्रत पुढे केली. ते चष्मा सावरून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागले.

“नियम सत्तेचाळीस (क). शालेय पाट्या, फलक व सूचना यांची जागा बदलू नये. उदाहरणार्थ, विद्यार्थी शाळा भरण्यापूर्वी, शिपाई पाणी भरायला गेला असता, नाणे रुमालात गुंडाळून त्याने स्क्रू सैल करून मुख्याध्यापकांच्या दाराची पाटी शेजारील अडगळीच्या खोलीस लावतात. रुमालामुळे नाणे घसरत नाही व आवाज...”

आवाज त्यांचाच आधी बसला. पुढचं वाक्य होतं की ‘अशा वेळी बाहेरून कोणी पाहुणा येणार असल्यास गोंधळ अधिक होतो.’ त्यांनी ते मनात वाचलं. मग एक पान मागे जाऊन शेहेचाळीसचं उदाहरण वाचलं, त्यात खडूला मेण लावून फळ्यावर लिहू न देण्याची सविस्तर कृती होती. अठ्ठेचाळीसमध्ये घड्याळ होतं. शहाऐंशी नियम, शहाऐंशी कृती, साहित्यासकट. पोरांनी उगाच पैसे मोजले नव्हते.

त्यांनी बारकीकडे बघितलं. बारकी चपलांकडे बघत होती. कल्पना देणाऱ्या त्या भित्र्या माणसाला शाळेसमोर उभं केलं पाहिजे, असं सहा दिवस रोज जेवताना ती ऐकत आली होती आणि आमटी वाढून घेत होती. पोरगी आपलं वर्ष घालवायला निघाली होती, पण बापाचं नाव शाळेच्या कागदावर येऊ देत नव्हती. बारकीच्या आईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिला हा निकाल कधीचा माहीत होता.

“नमुना द्या,” ते म्हणाले. “रकाना सहा भरायचा राहिलाय.”

कल्पना देणाऱ्याचं नाव, या रकान्यात त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि खाली सही केली. विज्ञानाच्या सरांना खोकला आला आणि ते खोकत खोकतच बाहेर गेले. व्हरांड्यातून बराच वेळ त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, तो फारसा खोकल्यासारखा नव्हता. मोठ्या बाईंनी ओठ घट्ट मिटून निकाल सांगितला. बारकीची शिक्षा पाच दिवस, ती भोगून झाली, उद्या हजर व्हावं. पण नियम त्रेपन्न असं म्हणतो की कल्पना देणाऱ्यासही तेवढीच शिक्षा. तेव्हा पालकांनी उद्यापासून पाच दिवस शाळेच्या आवारात पाऊल ठेवू नये.

“एका उदाहरणासाठी पाच दिवस?” मसुदेसाहेब उसळले. “हा अन्याय आहे.”

“दाद मागता येते,” कारकूनबाई म्हणाल्या. “नमुना ‘ड’.”

आठव्या दिवशी ते बारकीला परीक्षेला सोडायला गेले, तर पहारेकऱ्याने त्यांना फाटकातच अडवलं. तीन वर्षं हाच माणूस त्यांना सलाम ठोकायचा. आज त्याच्या हातात कागद होता. “साहेब, मला वाईट वाटतं, पण तुम्हीच लिहिलंय,” तो म्हणाला, आणि फाटकाबाहेरच त्यांना एक स्टूल आणून दिलं. येणाऱ्या जाणाऱ्या पालकांसमोर, शिक्षा झालेल्या पोरासारखे मसुदेसाहेब त्या स्टुलावर बसले. शाळेसमोर उभं करा म्हणाले होते, नशिबाने बसायला तरी मिळालं.

आत जाताना बारकीने दप्तरातून एक पुस्तिका काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. घरून हरवलेली प्रत. “वाचा बाबा, बसल्या बसल्या,” ती म्हणाली आणि पळाली.

त्यांनी ती उघडली. समासात पेन्सिलीने बारकीचं बारीक अक्षर. एका नियमापुढे ‘जमेल’, एकापुढे ‘मेण कुठून आणू’, एकापुढे ‘अजिबात नको, कोणालातरी लागेल’. पानं उलटत ते सत्तेचाळीसवर आले. तिथे लिहिलं होतं, ‘हे इतकं बरोब्बर लिहिलंय म्हणजे बाबांनी स्वतः केलेलं असणार!’

केलं होतं. नववीतच. त्यांच्या मुख्याध्यापकांनी त्या दिवशी अडगळीच्या खोलीचं दार उघडलं, आत बघितलं, पाटी बघितली आणि पोट धरून हसले होते. मग त्यांना बोलावून स्वतःच्या खिशातलं नाणं पुढे केलं आणि म्हणाले होते, चल, होती तशी लाव आणि वर्गात जा. तेवढीच शिक्षा. घरी कळवलंही नव्हतं. ही गोष्ट मसुदेसाहेबांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. त्या म्हाताऱ्याने त्यांना अर्ध्या मिनिटात सोडलं होतं आणि त्यांनी अकरा दिवसांची रजा टाकून पाच दिवस लिहिले होते.

मग त्यांनी पहारेकऱ्याकडे पेन मागितलं, ‘पाच दिवस’ या शब्दांवर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘पाटी होती तिथे परत लावावी व वर्गात जावे.’ ना ‘तथापि’, ना उपकलम. सव्वीस वर्षांत इतकं छोटं वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं.

“काय लिहिताय साहेब?” पहारेकऱ्याने वाकून विचारलं.

“काही नाही,” मसुदेसाहेब म्हणाले, आणि पुढच्या नियमाचं पान उलटलं. “छपाईची चूक दुरुस्त करतोय.”